डॉक्युमेंट्रीचा कॅमेरा करायचाय? आधी हेडफोन घ्या

कॅमेरा कुठला घेऊ, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि माझ्या मते तो चौथा-पाचवा यायला पाहिजे. हल्ली पुण्यात लग्नं, रील्स, कंपन्यांचे इव्हेंट करून कंटाळलेली बरीच पोरं-पोरी डॉक्युमेंट्रीकडे वळतायत, चांगलंच आहे, पण येताना जुन्या सवयी पण सोबत येतात, म्हणजे गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा), स्लो मोशन, मागचं सगळं धूसर, आणि समोरचा माणूस काय बोलतोय याकडे कानाडोळा, कारण आवाज शेवटी गाण्याखाली जाणारच असतो. डॉक्युमेंट्रीत हे सगळं उलटं होतं. रोल कधी करायचं (म्हणजे रेकॉर्डिंग कधी चालू करायचं), पॅन कधी मारायचा (म्हणजे कॅमेरा बाजूला कधी फिरवायचा), कुठे थांबायचं हे कानावर ठरतं, डोळा त्याच्या मागून जातो. म्हणून पहिली खरेदी कानावर घट्ट बसणारे वायरचे हेडफोन. ब्लूटूथवाले नकोत, त्यात आवाज उशिरा येतो आणि तुमचा पॅनही उशिरा जातो.

ऐकून शूट करायचं म्हणजे काय ते सांगतो. समजा सदाशिव पेठेतल्या एका घरात काका त्यांच्या गिरणीतल्या नोकरीबद्दल बोलतायत आणि आतून काकू भांडी घासत घासत म्हणाल्या, "अर्धंच सांगतायत हो ते." हेडफोन नसेल तर हे वाक्य कदाचित तुम्हाला ऐकूच येणार नाही. हेडफोन असेल तर ऐकू येईल, पण लगेच काकूंकडे कॅमेरा फिरवायचा मोह होईल, तो आवरा. काकांवरच थांबा, कारण आता त्यांच्या चेहऱ्यावर जे होणारे ते बघायचंय, काकू परत बोलल्या की मग सावकाश स्वयंपाकघराच्या दाराकडे जा. एडिटरला यातून अख्खा सीन मिळतो आणि तुम्ही एकही प्रश्न विचारलेला नसतो.

अजून एक. आपल्याकडची माणसं मनातलं बोलायच्या आधी एकदा माघार घेतात. "जाऊ दे, काय सांगायचं." हे वाक्य आलं की नवीन कॅमेरावाला स्टॉप दाबतो, त्याला वाटतं संपलं. दाबू नका. काही बोलू पण नका, मान हलवली तरी पुष्कळ झालं. दहातल्या सात वेळा काहीच येत नाही, ते चालतं, कार्डावर जागा असते. पण ज्या वेळी येतं ना, त्या वेळी तुमच्या फिल्मचा कणा येतो.

भाषा कळत नसेल तर हे सगळं बोंबलतं. वडारवाडीत किंवा मार्केट यार्डातल्या हमालांमध्ये शूट असेल आणि आपापसातलं बोलणं डोक्यावरून जात असेल तर एक माणूस सोबत घ्या जो शूट चालू असताना तुमच्या खांद्याला हात लावून खूण करेल, की बाबा आता इकडे बघ. भाषांतर संध्याकाळी करा, पॅन आत्ता लागतो.

सरावासाठी तांबट आळी

वर्गात बसून हे येत नाही म्हणून सराव सांगतो. कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे अजून हाताने तांब्याची भांडी घडवतात, आणि भांड्यावर ठोक्याशेजारी ठोका मारत जो चमकदार नक्षीसारखा पोत आणतात त्याला मठारकाम म्हणतात. पहिल्या दिवशी कॅमेरा न घेता जा, बसा, कोण काय करतं, कामाची वेळ काय, कुणाला बोलायला आवडतं, कुणाला अजिबात नाही हे बघा. मग विचारून एक दिवस ठरवा.

तिथे तीन गोष्टी एकदम अंगावर येतात. पहिली आवाज. ऑटो गेन, म्हणजे कॅमेऱ्याने आवाजाची पातळी आपोआप ठरवणं, चालू ठेवलात तर ठोका पडला की आवाज दबणार आणि मधल्या शांततेत फुगणार, ऐकणाऱ्याला समुद्रात बसल्यासारखं वाटतं. गेन हाताने लावा, ठोक्याला मीटर लाल होऊ देऊ नका, आणि शक्य असेल तर तोच माइक दुसऱ्या चॅनेलवर दहा-बारा डीबी खाली ठेवून रेकॉर्ड करा, वरचा फाटला तर खालचा वाचवतो. दुसरी गोष्ट उजेड. खोली अंधारी, दारातून पांढरंफटक ऊन. माणसाच्या मागे दार घेतलंत तर त्याची फक्त काळी आकृती दिसेल, त्यामुळे असे बसा की दाराचा उजेड त्याच्या गालावर बाजूने पडेल. तांब्यावर जी झळक येते ती जळाली तर जळू द्या, कातडीचा रंग सांभाळा. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) बघून तांबं वाचवायला गेलात तर माणूस अंधारात जातो, हे सोशल मीडियावरच्या ट्युटोरियलमध्ये कुणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे ठोके थांबतात तो क्षण. कारागीर भांडं फिरवतो, बोटाने पोत चाचपतो, उजेडाकडे धरून बघतो, कधी कधी स्वतःशीच काहीतरी पुटपुटतो आणि परत सुरू करतो. नवीन माणूस फक्त ठोके शूट करतो, हात, हातोडी, ठिणगी दिसतेय का, परत हात, आणि एडिटला बसल्यावर कळतं की सगळे शॉट मध्येच सुरू होतात आणि मध्येच संपतात, कापायला जागाच नाही. म्हणून ठोका पडायच्या आधी रोल करा आणि भांडं खाली ठेवून माणूस पाण्याच्या बाटलीकडे हात नेईपर्यंत रोल चालू ठेवा. शॉट संपला असं वाटल्यावर मनात दहा आकडे मोजायचे. दारातून एक वाइड, म्हणजे सगळी खोली दिसेल असा शॉट, मग हात, मग चेहरा, मग त्याच्या खांद्यावरून तो बघतोय ते भांडं, आणि शेवटी ज्याला यातलं काही देणंघेणं नाही असा कुणीतरी, शेजारच्या दुकानातला पोरगा, मांजर, रस्त्यावरून जाणारी स्कूटर. हा शेवटचा शॉट एडिटर तुमच्याकडे हमखास मागणार. त्या जागेचा नुसता आवाज पण मिनिटभर वेगळा घ्या, सगळ्यांना गप्प बसवून.

दुपारी एक ते चारमध्ये पेठांमधली बरीच शटरं खाली असतात, जोक जाऊ द्या, पण उन्हाळ्यात त्या वेळी ऊनही डोक्यावर असतं आणि माणसांच्या डोळ्यांत काळ्या खोबणी पडतात. ती वेळ जेवायला आणि कार्ड कॉपी करायला वापरा. सकाळी साडेसात ते अकरा आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत, एवढा दिवस तुमचा.

घरात शूट असेल तर

घरात गेलं की पहिल्यांदा कान लावून नुसतं उभं राहायचं. फ्रिज, पंखा, एक्वागार्ड, शेजारच्यांचा टीव्ही. पंखा आणि फ्रिज विचारून बंद करा, आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. ही जुन्या साउंडवाल्यांची युक्ती आहे, निघताना किल्ली शोधायला फ्रिज उघडलात की तो परत चालू करायचं आठवतं, नाहीतर आजींचं दूध नासतं आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला त्या घरात कोण घेणार.

साडीवर लेपल माइक लावताना मंगळसूत्र आणि बांगड्या यांचा विचार करा. छातीवर मधोमध लावला की मंगळसूत्र त्याच्यावर आपटत राहतं आणि प्रत्येक वाक्यात टकटक येते. पदर पिन केलेल्या खांद्याजवळ थोडा वर लावला तर बरंच वाचतं, आणि तो त्यांना स्वतःलाच लावू द्या किंवा घरातल्या एखाद्या ताईंना सांगा, आपण हात घालायचा नाही. हातमागाची कडक साडी असेल तर माइक कपड्यात लपवायच्या फंदात पडू नका, दिसला तर दिसला.

माणूस जमिनीवर बसणारा असेल तर त्याला खुर्चीत बसवू नका, तुम्ही खाली बसा. उंच ट्रायपॉड लावून वरून शूट केलं की आजी बिचाऱ्या दिसतात आणि त्या तशा अजिबात नसतात. छोट्या पायांचा ट्रायपॉड किंवा उशीवर ठेवलेला कॅमेरा, लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत. चहा आला तर घ्या, विचारला नाही तर पुण्यात आहात असं समजा.

आकड्यांचं एकदाच

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, नाहीतर ट्यूबलाइट लपलप करते. क्लायंटने २४ फ्रेमच पाहिजे म्हटलं तरी घरात शटर १/५० वरच ठेवा. दुकानांच्या एलईडी पाट्या तरीही त्रास देतात, तिथे शटर थोडं थोडं हलवून बघायचं. बाहेर उन्हात हेच शटर ठेवायचं तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लागतोच. सोनीच्या एफएक्स ६ कॅमेऱ्यात तो आतच आहे, एफएक्स ३ मध्ये नाही, लेन्सवर लावावा लागतो, आणि एकटे शूट करणार असाल तर हा फरक रिझोल्यूशनपेक्षा जास्त कामाचा. घेण्याआधी दोन्ही भाड्याने आणून एक-एक दिवस खांद्यावर वागवा.

४के मध्ये १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला ४५ जीबी जातात. १२८ जीबीच्या कार्डात पावणेतीन तासांच्या आसपास बसतं. रोज तीन तास फुटेज, पाच दिवस, म्हणजे पावणेसातशे जीबी, आणि त्याच्या तीन कॉप्या म्हणजे दोन टीबी. ड्राइव्हचा खर्च बजेटमध्ये आधीच लिहा, नंतर कुणी देत नाही.

गर्दीत

आषाढी वारीत आळंदीची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात उतरते आणि देहूची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. त्या दोन दिवसांत शहरातला प्रत्येक कॅमेरा बाहेर असतो आणि नंतर दिवे घाटातला वरून घेतलेला तोच शॉट सगळ्यांकडे असतो. तो शॉट तुम्ही नाही घेतला तरी महाराष्ट्राचं काही बिघडणार नाही. त्यापेक्षा एक दिंडी पकडा. दिंडीचालकांना आधी भेटून ठेवा, त्यांचा नंबर रथाच्या पुढे की मागे ते विचारा, सामानाचा ट्रक कुठे थांबतो, पाण्याचा टँकर कधी येतो, स्वयंपाक कोण करतं ते बघा. पहाटे तंबू सोडताना दोऱ्या गुंडाळणारी माणसं दिवे घाटापेक्षा जास्त काही सांगून जातात, निदान मला तरी तसं वाटतं.

उलटं चालत शूट करणार असाल तर मागे एक माणूस पाहिजे, त्याने तुमचा पट्टा धरायचा आणि खड्डा आला की ओढायचं. एकट्याने उलटं चालायचं नाही, वारकरी माउली माउली करून सांभाळून घेतील पण घाटातला ट्रक नाही घेणार. एसी गाडीतून एकदम दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते, उतरायच्या थोडं आधी एसी बंद करून काचा खाली घ्या. गणपतीत ढोल-ताशाच्या पथकात घुसणार असाल तर ज्या हेडफोनचं मी एवढं कौतुक केलं ते काढून कानात बोळे घाला आणि लेव्हल नुसती मीटरवर बघा.

परवानग्यांचं थोडक्यात. हातात कॅमेरा घेऊन रस्त्यावर उभं राहिलं तर बहुतेक वेळा कुणी विचारत नाही, ट्रायपॉड उघडला की कुठूनतरी वॉचमन उगवतो. शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, रेल्वे स्टेशन, मेट्रो, या सगळ्या ठिकाणी आधी लेखी परवानगी काढायची, आणि वेळ लागतो म्हणून शूटच्या बऱ्याच आधी अर्ज टाकायचा. ड्रोनच्या भानगडीत पडण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा ड्रोनचा नकाशा उघडून बघा, लोहगावला हवाई दलाचा तळ आहे आणि पुणे, खडकी, देहूरोड अशी तीन कॅन्टोन्मेंट आहेत, इथे चूक महागात पडते.

परवानगी कागदाची आणि माणसाची

संमतीचा फॉर्म मराठीत करा, मोठ्या अक्षरात, एका पानात, आणि वाचून दाखवा. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणं कायद्यात बसत असेल, मला ते पटत नाही. पोरं असतील तर आईवडिलांची सही. आणि सही झाली म्हणजे झालं असं नसतं. संध्याकाळी फोन येतो, "दादा, ते मी जावयाबद्दल बोलले ना, ते नका हो टाकू." अशा वेळी ते वाक्य कितीही भारी असलं तरी डायरेक्टरला सांगायचं, कारण त्या मावशींच्या दारात परत तुम्हालाच जायचंय, डायरेक्टर मुंबईला निघून जातो. काही गोष्टी तर शूटच करायच्या नाहीत. हॉस्पिटलच्या बाहेर रडणारा माणूस फ्रेममध्ये आला म्हणून झूम करायचा नसतो. कॅमेरा खाली घेता येणं हेही या कामात शिकावं लागतं, आणि ते खाली घेतलेलं समोरच्याला दिसलं पाहिजे.

पोट कसं चालतं

निव्वळ डॉक्युमेंट्रीवर पुण्यात महिना भागवणारे फार कमी. बाकीचे सीएसआरच्या (कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चातल्या) फिल्म, संस्थांची कामं, शेतीचे आणि शिक्षणाचे व्हिडिओ, लग्नं, कॉन्फरन्स असं मिसळून करतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. कंपनी कायदा २०१३ मध्ये सीएसआर आल्यापासून संस्थांना त्यांचं काम दाखवणाऱ्या छोट्या फिल्म सारख्या लागतात. ती जाहिरात असते हे मान्य करून करा, पण गावात गेलाच आहात तर ब्रीफ, म्हणजे त्यांनी सांगितलेलं काम, संपल्यावर संध्याकाळी अर्धा तास स्वतःसाठी शूट करा, संस्थेला आणि गावाला विचारून. पुढच्या फिल्मची माणसं तिथेच भेटतात.

कोटेशनमध्ये तुमची फी वेगळी, कॅमेऱ्याचं भाडं वेगळं, असिस्टंट वेगळा, प्रवासाचा दिवस वेगळा. शिफ्ट किती तासांची ते लिहा, ओव्हरटाइम लिहा. "सगळं मिळून किती?" असं फोनवर विचारतात त्यांना मेलवर पाठवतो म्हणायचं. निम्मे आधी. प्रोफेशनल फीवर साधारण १० टक्के टीडीएस कापतात, तो रिटर्न भरल्यावर हिशोबात येतो, त्यामुळे रिटर्न भराच. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. एक बरा सीए शोधा, कॅमेऱ्याच्या आधी. आणि ट्रायपॉड अ‍ॅक्टिव्हावर पायाशी आडवा ठेवून सिंहगड रोडला जाऊ नका, रिक्षाचे पैसे बिलात टाका, पाठ एकच आहे.

शिकायला लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय, म्हणजे सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट, आहेच, १९६० पासून, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत. सिनेमॅटोग्राफीचा तीन वर्षांचा कोर्स जमला तर उत्तम, डॉक्युमेंट्रीत नाव काढलेले रंजन पालित, अविजित मुकुल किशोर इथलेच. नाही जमला तर त्यांचे छोटे कोर्स असतात, फिल्म अर्काइव्हचे शो असतात. पण खरं शिक्षण एडिटरच्या शेजारी बसून होतं. तुमचंच फुटेज तो कसं शिव्या देत कापतो ते दोन दिवस ऐका.

कशासाठी करायचं

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये चांदणी चौकातला जुना पूल पाडला, मध्यरात्री स्फोट करून. त्या स्फोटाचे व्हिडिओ ढिगाने सापडतील. पण त्या पुलाच्या आसपास वर्षानुवर्षं बॅगा घेऊन मुंबईच्या गाडीची वाट बघत उभी राहणारी माणसं, ट्रॅव्हल्सवाल्यांशी पाच मिनिटं घासाघीस करणारी, ती कुणी नीट शूट केली? हे काम बातमीवाले करणार नाहीत, त्यांना ते लागत नाही. ते आपलं. जे पडणार आहे ते पडायच्या आधी शूट करायचं आणि त्यातही इमारतीपेक्षा तिच्याभोवतीची माणसांची सवय शूट करायची. मंडईत भाव कसा सांगतात, पीएमपीच्या बसमध्ये कंडक्टर सुट्टे कसे मागतो.

आपल्याकडे ही परंपरा जुनीच आहे. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ साली मुंबईत कुस्ती शूट केली आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले त्यांचं स्वागत. तेच परांजपे पुढे आपल्या फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. तेव्हा सावेदादांना काही कुणी कमिशन दिलं नव्हतं, फोटोग्राफीचा धंदा होता, विलायतेहून कॅमेरा मागवला होता, समोर काहीतरी घडत होतं. तुमच्याकडे आज निदान तेवढं तरी आहे.

आता शेवटचं आणि कंटाळवाणं. रात्री कितीही उशीर होवो, झोपायच्या आधी कार्ड दोन ड्राइव्हवर कॉपी करा, तिसरी कॉपी दुसऱ्या घरात जाईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका. नुसतं ओढून टाकू नका, चेकसम तपासणारं, म्हणजे कॉपी मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का ते बघणारं, सॉफ्टवेअर वापरा. फोल्डरच्या नावात तारीख, जागा, कॅमेरा, कार्ड नंबर, आणि सोबत एका टेक्स्ट फाइलमध्ये त्या दिवशी कोण काय बोललं ते पाच ओळींत, आठवतंय तोवर लिहून ठेवा, एडिटर तुम्हाला दुवा देईल. फोल्डरला "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" अशी नावं देणाऱ्याला मी तरी परत कामावर बोलवत नाही.